देवतळ्याचा गुणांक

तळ्याकाठचा फेरा ज्येष्ठ नागरिकांसाठी रोज सकाळी दोन तास खुला करावा, असा अर्ज देवतळे नगरपरिषदेच्या परवाना विभागात आला आणि त्यावरची पहिली सही पाहून निरंजन दुसाने जरा थबकला. सही त्याच्या वडिलांची होती. वामन रघुनाथ दुसाने, निवृत्त चित्रकला शिक्षक. फळ्यावर एका झटक्यात अख्खं वर्तुळ काढणाऱ्या माणसाची सही कागदावर मुंगी चालावी तशी गेली होती.

"नाना घरी काही बोलले नाहीत?" समोरच्या टेबलावरून यास्मिन बागवानने विचारलं. ती जन्म-मृत्यू नोंदणीचं काम पाहायची. नऊ वर्षं दोघं एकाच खोलीत बसत होते, डबाही एकत्रच उघडत होते.

"नाना हल्ली काही बोलतच नाहीत, यास्मिनताई."

कोरड्या तापाचं ते तिसरं वर्ष होतं. दर पाच-सहा महिन्यांनी विषाणू रूप पालटायचा, लस एक पाऊल मागे राहायची. गावातला बाजार, गिरण्या, बस हळूहळू सुरू झाल्या होत्या. पण बाग, वाचनालय, तालीम, नाट्यगृह आणि तळं, म्हणजे सरकारी भाषेत 'विरंगुळा' या शीर्षकाखाली येणारं सगळं, एकोणीस महिने बंद होतं.

ते का बंद होतं, हे निरंजनइतकं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण यंत्र तोच चालवायचा.

यंत्राचं नाव होतं प्रतिगाव. देवतळ्याची ती संगणकातली जुळी बहीण म्हणा ना. गावात बासष्ट हजार माणसं, तर तिच्यातही बासष्ट हजार. कोण कुठल्या घरात राहतो, वय काय, जुना आजार कोणता, फोन दिवसभर कुठून कुठे फिरतो, हे सगळं तिला माहीत. शिवाय चौकाचौकातल्या विजेच्या खांबांवर डब्या बसवल्या होत्या. लोक त्यांना चाळण्या म्हणत. चाळणी हवा ओढून घ्यायची, एका ओलसर पापुद्र्यावर त्यातले विषाणू धरायची आणि कुठल्या गल्लीत ताप किती मुरलाय ते कळवायची. एखाद्या परवानगीचा अर्ज आला की प्रतिगाव पुढचे साठ दिवस हजार वेळा जगून बघायचं, परवानगी न देता. मग पुन्हा हजार वेळा, परवानगी देऊन. दर वेळी फासे वेगळे पडायचे. कधी खोकणारा माणूस बाकाच्या या टोकाला बसायचा, कधी त्या. दोन्हींतल्या मृत्यूंच्या सरासरीतला फरक म्हणजे त्या परवानगीचा आकडा.

राज्याने प्रत्येक गावाला महिन्याची एक रेषा आखून दिली होती. देवतळ्याची सहा. बाजार, पाणीपुरवठा, गिरण्या, बस या सगळ्यांचे आकडे त्यातून वजा व्हायचे आणि जे उरेल त्यात विरंगुळा. आजवर काही उरलंच नव्हतं. या महिन्यात पहिल्यांदाच एक उरला होता.

निरंजनने अर्ज भरला. चाळीस माणसं, साडेसहा ते साडेआठ, फेऱ्याची लांबी, रुंदी. फेऱ्याच्या टोकाला पत्र्याचा एक निवारा होता, म्हातारी माणसं तिथे दम खायला बसत. 'निवारा : उघड्या बाजू' या रकान्यात त्याने 'एक' लिहिलं, कारण बाकी तीन बाजूंना पत्रे होते. दहा मिनिटांनी आकडा आला. एक पूर्णांक चार.

नामंजूर.

नाना बावीस वर्षं रोज सकाळी तळ्याला तीन फेऱ्या मारायचे आणि मग चार दोस्तांबरोबर त्याच निवाऱ्यात बसून जगाला नावं ठेवायचे. तळं बंद झाल्यावर सहा महिने ते घरातल्या गॅलरीतच फेऱ्या घालत राहिले. मग तेही सुटलं. दाढी करणं सुटलं. झाला तो चहा परत मागू लागले. दवाखान्यात दाखवलं तर डॉक्टर म्हणाले, "विसरण्याची सुरुवात आहे. माणसांत मिसळू द्या त्यांना." आणि आपल्याच पाठीमागच्या भिंतीवरची बंदीची सूचना आठवून ते ओशाळले. गेल्या आठवड्यात निरंजनने त्यांना चित्रकलेची वही आणून दिली होती. संध्याकाळी घरी आला तेव्हा वही कोरीच होती आणि नानांनी पेन्सिल तासून तासून शेंगदाण्याएवढी करून ठेवली होती.

निरंजनचं लग्न राहूनच गेलं होतं. घरात दोघंच. नाना कशाने संपत होते ते त्याला रोज दिसत होतं. प्रतिगावात त्याला रकाना नव्हता. ते फक्त तापाने मरणाऱ्यांना मोजायचं.

त्याने न उघडायचा थर उघडला. आकड्याच्या तळाशी माणसं असतात, घर क्रमांकासकट. चालकाने तिथे फक्त बिघाड असेल तेव्हाच जायचं आणि दिसलेलं बाहेर बोललं तर थेट तुरुंग, असा नियम होता. नावं झाकलेली होती, पण निरंजनने आधी सहा वर्षं घरपट्टीत काढली होती. घर क्रमांक चार छेद दोनशे सतरा हे कुणाचं, हे त्याला विचारावं लागलं नाही. हजारापैकी तीनशे ऐंशी वेळा त्या घरातला एक माणूस जात होता. यास्मिनताईंचा नवरा. सलीमभाईंचं मूत्रपिंड बदललेलं होतं, ते दोन वर्षं उंबरठ्याबाहेर पडले नव्हते. पण त्यांची आई फेऱ्याला जाणार, निवाऱ्यात बसणार आणि ताप घरी आणणार, असं प्रतिगावाने पाहिलं होतं.

समोर यास्मिन कुणाला तरी दाखला लिहून देत होती.

निरंजनने रकान्यातला 'एक' खोडून 'चार' लिहिला. निवारा चारी बाजूंनी उघडा. पत्रे काय, काढता येतात. हे खोटं नाही, आधी लिहून ठेवलेलं खरं आहे, असं त्याने स्वतःला समजावलं. दहा मिनिटांनी आकडा आला. शून्य पूर्णांक नऊ. चार छेद दोनशे सतरा आता दोनशे चाळीस वेळा. म्हणजे सातशे साठ वेळा सलीमभाई वाचत होते. त्याने थर बंद केला.

*

नगरपरिषदेच्या सभेत त्या दिवशी विरंगुळ्याचे पाच विषय होते. तालमीचा अर्ज दोन मिनिटांत गेला, आकडा तीनच्या वर. नाट्यगृहाचा त्याहून लवकर. मग मुख्याधिकारी रत्नपारखी मॅडमनी तळ्याचा विषय वाचला आणि "आकडा रेषेच्या आत आहे," असं म्हणताच सभागृहातली कुजबुज थांबली.

"शून्य पूर्णांक नऊ म्हणजे पूर्ण माणूससुद्धा नाही की," नगरसेवक बबनराव ढमाले म्हणाले. "डोकं मरतं की पाय मरतो?"

कुणी हसलं नाही. कुंदाताई वाघचौरे उठल्या. त्या वकील होत्या आणि आकडा या गोष्टीचा त्यांना पहिल्यापासून राग होता. "अध्यक्ष महाराज, बाजार भरतो तेव्हा आपण आकडा पास करतो आणि जेवायला जातो. तळ्याच्या वेळीच आपल्याला माणूस का आठवतो? माझ्या प्रभागात गेल्या वर्षभरात पाच म्हाताऱ्यांनी अंथरूण धरलं. ताप नव्हता त्यांना. त्यांचा आकडा कोण काढणार?"

नगराध्यक्ष दिगंबर शेलार चष्मा पुसत राहिले. "ताई, तुम्ही बरोबर आहात. पण माझ्या सहीसमोर नऊ दशांश माणूस कायमचा लिहिला जाणारे. तो उद्या पुरा होऊन दारात आला, तर मी काय सांगू?" मग त्यांनी भिंतीला टेकून बसलेल्या निरंजनकडे पाहिलं. "दुसाने, पुन्हा एकदा तपासलाय ना?"

"तपासलाय साहेब."

"निवारा वगैरे सगळं धरून?"

"हो साहेब."

सतरापैकी सतरा हात वर झाले. एकोणीस महिन्यांत पहिल्यांदा त्या सभागृहात टाळी वाजली.

खोलीत परतल्यावर यास्मिनचा चेहरा उजळला होता. "अम्मींना आत्ता फोन करते. रोज विचारतात, तळ्यावर बदकं राहिलीत की गेली."

"यास्मिनताई," निरंजन म्हणाला, "अम्मींना इतक्यात नका पाठवू."

"का हो?"

"थंडी आहे."

"थंडी?" ती हसली. "पौषातसुद्धा गार पाण्याने आंघोळ करणारी बाई आहे ती." मग तिचं हसू ओसरलं. "काही आहे का भाऊ? आकडा एकच्या आत आहे ना? तुम्हीच काढलात ना?"

"आकडा आतच आहे. सलीमभाई घरात आहेत म्हणून म्हटलं, एवढंच."

तिने क्षणभर विचार केला. "दहा दिवस थांबवते. बाकीच्यांना काही झालं नाही, तर जाऊ दे बिचारीला. तिचा तरी काय गुन्हा आहे?"

त्यापुढे बोलायला एकच वाक्य होतं. ते बोललं असतं तर परवानगी गेली असती, नोकरी गेली असती आणि नानांचं तळं गेलं असतं. निरंजनने डबा उघडला आणि विचारलं, "आज भाजी कसली आणलीय?"

*

तळं उघडलं आणि नाना परत आले. यासाठी दुसरा शब्द नाही. पहिल्या दिवशी अर्धीच फेरी झाली, निरंजनच्या खांद्याला धरून. आठव्या दिवशी त्यांनी खांदा सोडला. पंधराव्या दिवशी सकाळी निरंजन उठला तर नाना दाढी करून, कानटोपी घालून दारात उभे. "तू झोप. मला काय रस्ता माहीत नाही?" संध्याकाळी जेवताना त्यांनी पोस्टातल्या पाटलांची नक्कल करून दाखवली. भाजीत मीठ कमी आहे म्हणून तक्रारही केली. तक्रार ऐकून निरंजन स्वयंपाकघरात गेला आणि ओट्याला धरून जरा वेळ उभा राहिला.

पत्रे मात्र तसेच होते. नगरपरिषदेचे अभियंता बोडके यांच्याकडे निरंजन पहिल्याच आठवड्यात गेला होता.

"काढू की," बोडके म्हणाले. "पण सहा मजूर दोन दिवस लावायचे म्हणजे त्याचीही परवानगी लागेल. तूच काढ आकडा."

निरंजनने काढला. शून्य पूर्णांक दोन. शिल्लक होती शून्य पूर्णांक एक. "पुढच्या महिन्यात बघू," असं म्हणून बोडक्यांनी फाइल बाजूला सरकवली. पुढच्या महिन्यात बाजाराने सगळी शिल्लक खाल्ली.

शेवटी एका रविवारी दुपारी निरंजन स्वतःच पाना घेऊन तळ्यावर गेला. बोल्ट गंजलेले होते. दोन तास खटपट करून उत्तरेकडचा एक पत्रा निघाला. त्याने तो निवाऱ्यामागच्या गवतात टाकला आणि सोलपटलेले हात खिशात घालून घरी आला.

दुसऱ्या दिवशी नाना चहा पिताना तावातावाने सांगत होते, "कुणी टवाळखोराने निवाऱ्याचा पत्रा काढून फेकला बघ! उत्तरेचा वारा नुसता हाडात शिरत होता. मी आणि पाटलाने शोधून आणला आणि तारेने असा आवळलाय, की आता हत्ती लावला तरी निघायचा नाही. सलीमची आईसुद्धा म्हणाली, भाईसाब, बडा अच्छा काम किया."

"त्या येतात?"

"आठवडा झाला. बाई बोलकी आहे."

निरंजनने कप खाली ठेवला. आत्ता सांगावं. पत्रा मी काढला, अमुक कारणाने काढला, निवाऱ्यात बसू नका. पण नानांना एवढंच सांगून भागणार नव्हतं. ते का विचारणार, खोदून विचारणार. आणि नाना हातातल्या शेंगदाण्याएवढ्या पेन्सिलीने वीजबिलाच्या पाठीमागे पाटलांचं नाक काढत होते. नाक हुबेहूब जमलं होतं.

"छान आलंय," निरंजन म्हणाला.

*

एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी आठला निवाऱ्याजवळची चाळणी लाल झाली. नऊ वाजता फेरा बंद झाला. पण चाळणीला कळतं तेव्हा माणसांना होऊन चार दिवस झालेले असतात. अकरा जणांना ताप आला. पहिले पाटील गेले. नंतर कन्याशाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. नानांना पाच दिवस ताप आला आणि सहाव्या दिवशी उतरला. उतरला त्या दिवशी निरंजनने देवापुढे नारळ फोडला, आणि तेवढ्यात फोन आला, की बागवानांच्या घरून रुग्णवाहिका गेली.

सलीमभाई दवाखान्यात तेरा दिवस होते.

यास्मिन रजेवर असल्याने तिच्या टेबलाचा भार निरंजनकडे होता. म्हणून ती नोंद त्यानेच केली. सलीम अब्दुलगनी बागवान, वय सत्तेचाळीस, घर क्रमांक चार छेद दोनशे सतरा. मृत्यूचं कारण या रकान्यात त्याने दवाखान्याच्या कागदावर होतं तेच लिहिलं.

यास्मिन तीन आठवड्यांनी कामावर आली. इद्दतीत, म्हणजे नवऱ्यामागे घरातच राहायच्या दिवसांत, बाहेर पडायचं तिच्या मनात नव्हतं, पण घरात आता दुसरं कुणी कमावणारं नव्हतं. दुपारी तिने डबा उघडला नाही.

"भाऊ, एक विचारू?"

"विचारा."

"तुम्ही म्हणाला होतात, अम्मींना पाठवू नका. का म्हणाला होतात?"

खिडकीबाहेर पाण्याच्या टँकरचा भोंगा वाजत होता. तो थांबल्यावर निरंजनने सांगितलं. थर सांगितला, तीनशे ऐंशी सांगितले, 'एक'चा 'चार' केला ते सांगितलं. पत्र्याचंही सांगितलं.

"आणि खरा आकडा टाकला असता तर तळं उघडलंच नसतं?"

"नाही."

"आणि तुमचे नाना?"

निरंजनने आपल्या डब्याचं झाकण परत लावलं.

"अम्मी रोज स्वतःला बोल लावतात," ती म्हणाली. "म्हणतात, बदकं बघायला गेले आणि पोराला खाऊन बसले. मी त्यांना सांगते, अम्मी, आकडा एकच्या आत होता. आपल्या दुसानेभाऊंनी काढला होता. आपल्याच नशिबात तो आला, त्याला कोण काय करणार." ती उठली. "आता काय सांगू त्यांना?"

दुसऱ्या दिवशी तिने शिपायाला सांगून आपलं टेबल बाहेर व्हरांड्यात लावून घेतलं.

*

निरंजनने लेखी कबुली दिली. रत्नपारखी मॅडमनी ती दोनदा वाचली आणि दार लावून घेतलं.

"हे आधी का नाही सांगितलंत? तुम्हाला कल्पना आहे का, यंत्राने काय केलंय?"

कल्पना होती. महिन्याअखेरीस प्रतिगाव आपलं भाकीत आणि घडलेलं वास्तव ताडून पाहायचं आणि चुकलं असेल तिथे स्वतःला सुधारायचं. चारी बाजूंनी उघड्या निवाऱ्यात चाळीस माणसं बसली तर फार तर चौघांना ताप यायला हवा होता. आला अकरा जणांना. निवारा उघडाच आहे, असं यंत्राला सांगितलेलं. मग चूक कुठे? यंत्राने ती माणसांत शोधली. प्रत्येक गावाचा एक गुणांक असतो. लोक किती जवळ बसतात, किती मोठ्याने बोलतात, ताप किती लपवतात, असं जे कुठल्याच नोंदीत येत नाही ते सगळं त्या एका संख्येत धरायचं. देवतळ्याचा गुणांक एक पूर्णांक एक होता. तो एका रात्रीत दोन पूर्णांक आठ झाला. पंचक्रोशीतल्या कुठल्याही गावाचा दीडच्या वर नव्हता.

परिणाम सरळ होता. देवतळ्याच्या प्रत्येक परवानगीचा आकडा अडीच पट झाला. नुसता बाजार आणि पाणीपुरवठा धरूनच सहाची रेषा ओलांडली गेली. त्यांना खास सूट मिळाली. गिरण्या आणि बस बंद झाल्या. विरंगुळ्याची शिल्लक शून्य.

मॅडमनी राज्याच्या प्रतिगाव कक्षाला पडद्यावर बोलावलं. तिथल्या शास्त्रज्ञ, डॉ. नेरकर, तरुण होत्या आणि थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ती एक नोंद काढून टाका ना," निरंजन म्हणाला. "दुरुस्त करून परत चालवा. मी लिहून देतो."

"नोंद मी काढू शकते. पण तिच्यावरून यंत्र जे शिकलं ते आता इतर हजार गोष्टींत मुरलंय. दुधात साखर विरघळल्यावर चिमूट परत कशी काढणार? गुणांक खाली यायला एकच वाट आहे. गावात पुन्हा काहीतरी उघडायचं, कमी माणसं आजारी पडायची आणि ते यंत्राने पाहायचं."

"मग उघडू द्या."

"गुणांक इतका असताना कसं उघडणार? कायदाच नाही तसा. उघडल्याशिवाय ते शिकणार नाही, आणि शिकल्याशिवाय उघडणार नाही. मला वाईट वाटतं. अशी तुमच्यासारखी अजून दोन गावं आहेत."

पडदा काळा झाला. मॅडमनी कबुलीवर आवक शिक्का मारला. "चौकशी होईल. वर्ष लागेल, दोन लागतील. तोवर खुर्ची सोडू नका, दुसरा प्रशिक्षित माणूस नाही माझ्याकडे." आणि मग, साहेबपण बाजूला ठेवून, "दुसाने, माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. त्याने घसरगुंडी पाहिलेली नाही हो."

त्या संध्याकाळी निरंजनने नानांना सगळं सांगितलं. नाना खिडकीशी बसले होते.

"मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणूनच विचारलं नाहीस." नाना आपल्या तळव्यांकडे पाहत राहिले. "तो पत्रा मी बांधला रे. तारेला तीन पीळ दिले."

रात्री ते जेवले नाहीत. सकाळी निरंजन चहा घेऊन गेला, तेव्हा नाना कानटोपी घालून पलंगावर बसले होते.

"पाटील आला का?" त्यांनी विचारलं. "आज तळं उघडणार होतं ना?"

निरंजनने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. कालचं काहीही तिथे उरलं नव्हतं. पुन्हा सांगायचं, तर उद्या पुन्हा, परवा पुन्हा सांगावं लागणार होतं.

"आज नाही नाना," तो म्हणाला. "आज बंद आहे."

*

दोन दिवसांनी यास्मिन व्हरांड्यातून आत आली आणि तिने त्याच्यासमोर अर्ज ठेवला. सलीमभाईंच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातेहासाठी, म्हणजे प्रार्थनेसाठी, घरी माणसं बोलवायची होती आणि त्यालाही परवानगी लागायची. सलीमभाईंचे दोन भाऊ आणि दोन भावजया, तिथूनच चार घरं पलीकडे राहणारे. वेळ अर्धा तास. दफनाच्या दिवशी नगरपरिषदेच्या दोन कामगारांखेरीज तिथे कुणी नव्हतं.

निरंजनने एकेक रकाना भरला. खोली एक, खिडक्या दोन, माणसं सहा, त्यातली एक साठीच्या पुढची. आकडा आला, शून्य पूर्णांक शून्य चार. इतका लहान आकडा त्याने महिनाभरात पाहिला नव्हता. खालच्या ओळीत शिल्लक होती. शून्य.

"फक्त भाऊ आले तर?" तिने विचारलं.

त्याने चालवून पाहिलं. शून्य पूर्णांक शून्य दोन. शिल्लक शून्य.

"एकच आला तर? धाकटा? अम्मींना त्याच्याजवळ रडायचंय, बस."

शून्य पूर्णांक शून्य एक. निरंजनने पडद्याकडे पाहिलं. 'बाहेरून येणारी माणसं' हा रकाना होता. तिथे शून्य टाकलं की मंजुरी आपोआप छापून आली असती. त्याचं बोट त्या आकड्यावर गेलं.

"नका," यास्मिन म्हणाली. "खोटा कागद मी घेणार नाही."

त्याने हात मागे घेतला. यंत्रातून नामंजुरीची चिठ्ठी आली. त्यावर त्याने शिक्का मारला, सही केली, तारीख घातली. तिने ती उभ्या उभ्या वाचली, नीट घडी केली.

"या वेळी सगळं खरं लिहिलंत ना?"

"हो."

"ठीक आहे," ती म्हणाली आणि व्हरांड्यात परत गेली. तिच्या टेबलासमोर एक म्हातारा हातात दवाखान्याचा कागद घेऊन उभा होता. तिने त्याला खुर्ची दाखवली, नोंदवही पुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

"बसा बाबा," ती म्हणाली. "नाव सांगा."